परळची चाळ आणि निबंधाची वही

विद्यार्थ्याने वर्गासाठी लिहिलेला निबंध ही फार अल्पायुषी वस्तू समजली जाते. गुरुजी लाल शाईने शेरा देतात, गुण मिळतात, आणि वर्ष सरले की वही रद्दीत जाते. करी रोड, लालबाग, परळच्या चाळींतून तर जागेचीच ओढाताण. नव्या इयत्तेची पुस्तके घरात आली की जुन्या वह्यांना निरोप द्यावाच लागतो. तथापि महाराष्ट्राच्या विचारजीवनाचा इतिहास चाळू लागलो म्हणजे आमच्या ध्यानात येते, की त्यातील काही मोठ्या ग्रंथांचे मूळ अशाच वर्गासाठी लिहिलेल्या कागदांत आहे. लेखकाने विशी-पंचविशीत गुरूपुढे एक निबंध ठेवला, आणि पुढील तीस-चाळीस वर्षे तो त्याच निबंधाचा विस्तार करीत राहिला, असे घडलेले आहे.

अशा एका लेखकाचे घर आमच्या शेजारीच होते. करी रोड स्थानकातून बाहेर पडून परळच्या दिशेने पायी निघावे. थोड्या वेळात पोयबावडी येते. तेथील बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मधील ५० व ५१ या दोन खोल्यांत १९१२ पासून १९३४ पर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब राहत होते. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी जो इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने कामगारांसाठी बांधलेली ही चाळ. बाबासाहेबांच्या राजकारणाविषयी, घटनेविषयी, धर्मांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते लेखक कसे झाले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो करण्यापूर्वी मुंबई-पुण्यातील विद्यार्थ्यांच्या निबंधलेखनाची पूर्वपीठिका थोडी पाहणे इष्ट ठरेल.

१३ जून १८४८ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी हे तिच्या अग्रणींपैकी एक. सभासदाने निबंध लिहून आणावा, तो सर्वांसमोर वाचावा, इतरांनी त्यावर प्रश्न विचारावेत, अशी तिची रीत. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ‘ज्ञानप्रसारक सभा’ या नावाने निघाल्या, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात असे निबंध छापले जाऊ लागले. परीक्षेचे गुण नाहीत, बक्षीस नाही. केवळ समवयस्कांसमोर उभे राहून आपले म्हणणे सिद्ध करायचे. एका पारशी विद्यार्थ्याने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, तेव्हा चर्चा नुसत्या टाळ्यांवर संपली नाही. १८४९ साली या तरुणांनी स्वतः विनावेतन शिकवून मुलींच्या शाळा सुरू केल्या. गिरगावात नाना शंकरशेट यांनी शाळेसाठी जागा दिली. निबंधातून शाळा उभी राहिल्याचे हे उदाहरण आम्हास फार मोलाचे वाटते. आज आमच्या मुलांना ‘स्त्रीशिक्षणाचे महत्त्व’ हा विषय देतात, आणि तो त्यांनी मार्गदर्शकातून उतरवावा अशी जणू सर्वांचीच संमती असते!

दुसरा निबंध पुण्याचा आहे, आणि तो महाविद्यालयातील नव्हे, शाळेतील आहे. परंतु त्याला वगळून पुढे जाणे आमच्या मनास पटत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता ही चौदा वर्षांची मांग समाजातील मुलगी. तिने ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्राने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आपल्या प्रोटेस्टंट बंधूंचे पत्र. त्या काळी एका मांग मुलीचे लेखन तिच्या नावानिशी छापण्याची हिंमत त्याने दाखविली, याची नोंद आपण कॅथलिकांनीही आदराने घ्यावी. वेद जर आमचे नव्हेत, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती मुलगी थेट देवालाच विचारते. बाळंतपणातही डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्रियांचे दुःख ती सांगते, आणि अखेरीस आपल्या लोकांना शिकण्याचा आग्रह करते. वाक्ये लहान आहेत, शब्द घरातले आहेत. त्यात पाठ केलेले असे काही नाही. जे पाहिले, जे ऐकले, जे पोळले, ते विषयाला धरून क्रमाने मांडले आहे.

मुक्ता साळवे यांचे एवढेच लेखन आज आपल्याला ज्ञात आहे. ज्या हाताने तो निबंध लिहिला, त्या हाताने आणखी चार-दोन निबंध लिहिले असते तर मराठी गद्याला काय लाभले असते, हा विचार मनातून जात नाही. गुण होता, अनुभव होता, प्रकाशकही मिळाला. मिळाली नाही ती पुढची इयत्ता. पुढील वर्षी, त्याच्याही पुढील वर्षी कोणी तरी म्हणायला हवे होते, ‘मुली, मागचा निबंध चांगला होता, आता यावर लिही, आणि मागच्या वेळी जे सिद्ध करायचे राहिले ते या वेळी सिद्ध कर.’ लेखक एका निबंधाने होत नाही. पहिला निबंध दुःखाच्या किंवा आनंदाच्या उमाळ्यात लिहून होतो. दुसरा आणि तिसरा लिहिण्यासाठी मात्र वेळ, दिवा, पुस्तके, फीचे पैसे आणि मागे लागणारा गुरू हे सारे लागते.

आता पुन्हा मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात येऊ. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे त्यांच्यापैकी एक. विद्यार्थिदशेत रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजी राज्याची तुलना केली, आणि झुकते माप मराठ्यांना दिले. सर अलेक्झांडर ग्रँट हे प्राचार्य म्हणजे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नामांकित संपादक, मोठे विद्वान. त्यांनी रानड्यांना बोलावून घेतले. जे सरकार आपल्याला शिक्षण देते त्याची अशी निंदा करू नये, असे समजावले. आणि नापसंती दर्शविण्यासाठी सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद केली. रानड्यांच्या चरित्रकारांनी हा प्रसंग सांगितला आहे. रानड्यांनी गुरूविषयी मनात कटुता ठेवली नाही, हेही ते सांगतात.

ग्रँट यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी निबंध वाचला होता! न वाचता मार्जिनमध्ये बरोबरची खूण करणाऱ्या शिक्षकाहून, वाचून संतापणारा शिक्षक आम्ही केव्हाही पसंत करू. परंतु त्यांनी शिक्षा दिली ती निष्कर्षाला, पुराव्याच्या उणिवेला नव्हे. ‘तुझे म्हणणे चुकीचे आहे, कागदपत्रे आणून दाखव’, असे ते म्हणाले असते तर त्या तरुणाला त्याच वर्षी दुसरा निबंध लिहावा लागला असता. तो दुसरा निबंध लिहिण्यास रानड्यांना जवळजवळ चाळीस वर्षे लागली. ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हा त्यांचा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, आणि पुढच्याच जानेवारीत त्यांचे निधन झाले.

याच एल्फिन्स्टनच्या हायस्कुलात आणि मग कॉलेजात परळच्या चाळीतून भीमराव जाऊ लागले. बी.आय.टी. चाळीत येण्यापूर्वी सुभेदार रामजी आंबेडकर परळ भागातल्याच डबक चाळीत एका खोलीत राहत होते. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या खोलीचे वर्णन केले आहे. स्वयंपाक, झोप, अभ्यास, सारे तेथेच. मुलाने लवकर झोपावे, वडिलांनी जागत बसावे आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवावे. गिरण्यांच्या वस्तीत रात्री दोन ते पहाट एवढाच काय तो शांततेचा काळ, हे आमच्या ज्येष्ठ धर्मबांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही. रामजींनी मुलाच्या इंग्रजीचा पाया तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घातला. पुस्तकांसाठी ते लग्न झालेल्या मुलींकडून दागिने मागून आणीत आणि गहाण ठेवीत. मराठीतल्या शब्दासाठी नेमका इंग्रजी शब्द शोधायचा, ‘साधारण तसाच’ चालायचा नाही, ही सवय त्या पाठमालेने लावली असावी असा आमचा तर्क आहे. आमच्या सेमिनरीत लॅटिन शिकविताना अशीच शिस्त होती, म्हणून त्या तर्काला आम्ही थोडे अधिक बळ देतो.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण! पुढे जगाने ज्यांची पुस्तके अभ्यासली, त्यांच्यातील लेखक त्या परीक्षेला दिसला नाही. त्या वेळी झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर गुरुजींनीच पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, आणि कॉलेजसाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी.ए. झाल्यानंतर, १९१३ च्या फेब्रुवारीत रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी बडोदा सरकारने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले, आणि जुलैत भीमराव न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय वर्षे बावीस.

तेथे त्यांनी किती अभ्यासक्रम घेतले याची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. सेलिग्मन, जॉन ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन यांसारखे अध्यापक. वरच्या वर्गांची पद्धत अशी, की काही विद्यार्थ्यांनी एका अध्यापकाभोवती बसावे, एकाने निबंध वाचावा, इतरांनी त्याची चिकित्सा करावी. याला तेथे ‘सेमिनार’ म्हणतात. ‘सेमिनरी’ आणि ‘सेमिनार’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दापासून आले आहेत; ‘सेमिनारियुम’ म्हणजे रोपवाटिका. रोप मोठ्या शेतात लावण्यापूर्वी जेथे दाटीत वाढवायचे, ती जागा. भीमरावांनी १५ मे १९१५ रोजी एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध सादर केला. त्यानंतर एका वर्षाने, ९ मे १९१६ रोजी, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास, असा त्याचा विषय. छापील वीसेक पानांचा हा निबंध.

हा निबंध आम्ही अनेकदा वाचला आहे, आणि लेखनकलेच्या दृष्टीने त्यातील तीन-चार गोष्टी वाचकांपुढे ठेवण्याचा मोह आवरत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे त्याची सुरुवात. ऐकणारे अमेरिकन, त्यांना जात म्हणजे काय हे ठाऊक नाही. म्हणून तो ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ करतो. वस्तूंची प्रदर्शने आपण पाहतो, तसे मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येईल, अशी कल्पना तो पुढे करतो आणि श्रोत्यांना हाताला धरून आत नेतो. त्यानंतर पूर्वसूरींच्या व्याख्या येतात. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशकार केतकरांनीही तरुणपणी अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, जातिसंस्थेवर लिहिले होते, आणि तो ग्रंथ १९०९ मध्ये निघाला होता. म्हणजे एका मराठी विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने परदेशातील वर्गात परीक्षण केले. प्रत्येक व्याख्येतील ग्राह्य अंश तो घेतो, कोठे कमी पडते ते दाखवितो, आणि मगच स्वतःचे बोलतो. संत थॉमस आक्वायनस यांच्या ग्रंथांत आधी प्रतिपक्षाचे आक्षेप येतात आणि मग उत्तर. आपल्या शास्त्रकारांनी यालाच पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हटले. ज्याला प्रतिपक्षाचे म्हणणे नीट सांगता येत नाही, त्याला स्वतःचेही नीट समजलेले नसते, असे आमचे अध्यापक म्हणत.

त्याचे स्वतःचे म्हणणे थोडक्यात असे. जातीचे सार म्हणजे जातीतच विवाह करण्याचे बंधन. हे बंधन टिकवायचे तर समूहात स्त्री-पुरुषांची संख्या सम राहिली पाहिजे. पती किंवा पत्नी आधी निवर्तली की मागे राहिलेल्या व्यक्तीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी त्या प्रश्नाची निष्ठुर उत्तरे आहेत. मग एका वर्गाने आतून कडी लावली की शेजारच्यांना बाहेर राहावेच लागते, आणि अनुकरणाने तेही आपापली कडी लावून घेतात. जात ही कोणा एका स्मृतिकाराने लादली, हे मत तो नाकारतो. ज्या वेळी मोठमोठे विद्वान जातीचे मूळ वंशात आणि रंगात शोधत होते, त्या वेळी पंचविशीतल्या विद्यार्थ्याने ते लग्नाच्या मांडवात शोधले! जाता जाता एवढेच म्हणतो, की आमच्या ख्रिस्ती घरांतूनही सोयरीक जुळविताना ‘ते सामवेदी का, वाडवळ का, कोळी का’ अशी चौकशी कानी पडते, तेव्हा या निबंधाची आठवण होते.

आणखी एक गोष्ट. या वीस पानांत लेखकाने स्वतः सोसलेल्या अपमानाची एक ओळही नाही. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेल्या लहान भावंडांना गाडीवान मिळेना, पाणी मिळेना, तो प्रवास त्याला विसरता येण्याजोगा नव्हता. तो त्याने लिहिला, परंतु पुष्कळ पुढे, १९३५-३६ च्या सुमारास, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत. सेमिनारमध्ये तो प्रसंग सांगितला असता तर श्रोत्यांचे डोळे पाणावले असते आणि प्रश्न विचारण्याचे धाडस कोणी केले नसते. भीमरावांना प्रश्न हवे होते. निबंधाच्या शेवटी ते सांगतात, की या विषयात भावनेला थारा नको, आणि माझे मत कोणी सप्रमाण खोडून काढले तर त्यातही मला आनंदच वाटेल. मुक्तेचा निबंध आणि हा निबंध यांचा विषय तत्त्वतः एकच. पहिला वाचून आपण रडतो, दुसरा वाचून आपल्याला उत्तर द्यावे लागते. दोहोंची गरज होती; परंतु दुसऱ्या प्रकारच्या लेखनासाठी वाचनालय, सोबती आणि तीन वर्षांची निश्चिंती लागते, हे विसरू नये.

तो निबंध पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून भीमरावांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके असलेले जहाज पाणतीराने बुडविले. बडोद्यातील नोकरीत जातीमुळे राहायला जागा मिळेना, हा इतिहास सर्वश्रुत आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी परळच्या पोयबावडीतून ‘मूकनायक’ निघाले.

येथे निबंधकाराची खरी कसोटी लागली. न्यू यॉर्कच्या वर्गात जी भाषा चालली ती परळच्या गिरणी कामगाराला कशी कळणार? ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकातील अग्रलेख त्या निबंधाशेजारी ठेवून वाचावा. निबंधात जात म्हणजे बंदिस्त वर्ग, अशी शास्त्रीय व्याख्या आहे. अग्रलेखात तीच कल्पना मनोऱ्याचे रूप घेऊन येते. समाज हा मनोरा, प्रत्येक जात एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडीच नाही; ज्या मजल्यावर जन्म, तेथेच मरण. चाळीत राहणाऱ्याला, दिवसातून दहादा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्याला, जिना नसलेली इमारत म्हणजे काय हे तत्काळ समजते. जुना विचार नव्या वाचकासाठी नव्याने लिहिणे, याहून लेखकाच्या वाढीची दुसरी खूण आम्हास ठाऊक नाही.

ते पुन्हा लंडनला गेले, आणि तेथे रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्‌सी.चा प्रबंध लिहिला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. पैसे संपत आलेले. १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथे प्रबंधाची फेररचना केली, आणि टपालाने लंडनला पाठविला. तो मान्य झाला. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात आपला मतभेद स्पष्ट नोंदविला. शिष्याची मते पटत नाहीत असे सांगत त्याच्या ग्रंथाला प्रस्तावना देणारे कॅनन, आणि मते पटली नाहीत म्हणून शिष्यवृत्ती थांबविणारे ग्रँट! दोघेही विद्वान, दोघेही आपल्या परीने शिष्यांचे हितचिंतक. रानड्यांना कॅनन भेटले असते तर, हा प्रश्न इतिहासकाराने विचारू नये असे म्हणतात. आम्ही तो विचारून मोकळे होतो.

गिरणगावातील सर्वच लेखक या वाटेने गेले नाहीत, हेही सांगावयास हवे. परळच्या बोगद्याच्या चाळीत वाढलेल्या नारायण सुर्वे यांच्या वाट्याला कॉलेज आले नाही. १९६६ साली त्यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले, तेव्हा त्यांचे विद्यापीठ म्हणजे गिरणी आणि रस्ता होता. कवितेला ते विद्यापीठ पुरेसे झाले. निबंधाचे मात्र तसे नाही, असे आमचे मत आहे. त्याला प्रतिवाद करणारा समोर बसलेला लागतो. बाबासाहेबांना हे जाणवले असावे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकून कामावर जाता यावे. ज्याला स्वतःला रात्री दोन वाजता उठावे लागले, त्याने दुसऱ्यांसाठी सकाळची वेळ ठरविली.

आमच्या धर्मग्रामात परीक्षेच्या मोसमात काही पालक येतात आणि मुलासाठी ‘एखादा चांगला निबंध लिहून द्या, फादर’ अशी विनंती करतात. हेतू प्रेमाचा असतो. १९८२ च्या संपानंतर घरातील पगार गेला, मग गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले; मुलाने तरी वर जावे, एवढीच त्यांची इच्छा. आम्ही निबंध लिहून देत नाही. मुलाने स्वतः लिहिलेला आणावा, असे सांगतो. तो आला की त्याला दोन प्रश्न विचारतो आणि पुन्हा लिहिण्यास परत पाठवितो. काही मुले परत येतात, काही येत नाहीत.

सेमिनारमधील त्या निबंधाचा प्रवास अजून थोडा शिल्लक आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले. भाषणाचा मसुदा वाचून मंडळी बिचकली आणि सभाच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती काढल्या. १९४४ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले, की विद्यार्थिदशेतील ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध या ग्रंथात मिसळून सबंध पुस्तक नव्याने लिहिण्याचा आपला बेत होता, पण तेवढा वेळ मिळाला नाही. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि निबंध लिहून २८ वर्षे झाली होती.

महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या जयंतीला, बाबासाहेबांनी पुण्यात रानड्यांच्या थोरवीवर दिलेले व्याख्यान याच खंडात आहे. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ही याच खंडात आहे. आणि त्याच्याही आधी, अगदी पहिला लेख म्हणून, ९ मे १९१६ रोजी वर्गात वाचलेला तो निबंध छापलेला आहे.